किण्व, माल्ट आणि पासष्ट अंश

१.
आजचा थ्रेड एका शब्दाविषयी आहे. शब्द आहे ‘क्लिन्न’. वाकाटक राजांच्या दानपत्रांत तो तांब्यावर कोरलेला आढळतो. त्याचा अर्थ ओले मीठ की मद्याचे आंबवण, यावर विद्वानांत मतभेद आहे. या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला रामटेकच्या आमच्या घरात धान्याचे एक भांडे तासभर सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवावे लागले. ताम्रपटाचा आणि त्या भांड्याचा संबंध काय, ते क्रमाने सांगते. थ्रेड दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

२.
प्रथम स्थळ. रामटेकच्या दक्षिणेस काही किलोमीटरांवर नगरधन हे गाव आहे. वाकाटकांच्या थोरल्या शाखेची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे मानले जाते. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर आपल्या अल्पवयीन पुत्राच्या वतीने येथून राज्यकारभार पाहिला. तिचा ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जाणारा लेख नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांपासून. तो रामगिरी म्हणजे आमच्या गावामागचा हाच डोंगर.

३.
ही दानपत्रे वाचताना बहुतेक जण दाता कोण, गाव कोणते आणि वर्ष कोणते एवढे टिपून पुढे जातात. मला ओढ लागली ती मधल्या रुक्ष भागाची. तेथे ‘परिहार’ नोंदवलेले असतात. म्हणजे दान दिलेल्या गावावर राजाचे कोणते हक्क यापुढे चालणार नाहीत, त्यांची यादी. सैनिकांनी गावात शिरू नये. फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठी गवत, कातडी, कोळसा मागू नये. फुले आणि दूध यांचा वाटा घेऊ नये. वेठबिगार लावू नये. एखादी सत्ता सामान्य माणसाच्या दारात काय काय मागत होती, हे तिच्या सवलतींच्या यादीतून जितके स्पष्ट कळते तितके तिच्या प्रशस्तीतून कधीच कळत नाही.

४.
याच यादीत, दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात, एक समास येतो : ‘अलवणक्लिन्नक्रेणिखनक’. चम्मक म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे चमक. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या खंडात ‘क्लिन्न’चा कोशातील सरळ अर्थ घेतला : भिजलेले, ओले. त्यामुळे त्यांच्या अनुवादात हा समास ओल्या मिठाच्या खरेदीविषयीचा ठरला. नागपुरात आयुष्य वेचलेले वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९६३ च्या वाकाटक लेखांच्या खंडात वेगळी वाट धरली. त्यांच्या मते येथे दोन निरनिराळे हक्क आहेत : मीठ खणण्याचा आणि आंबवलेल्या मद्याच्या खरेदीचा.

५.
मिराशींच्या अर्थाला समासाची रचनाही साथ देते. ‘लवण’ आणि ‘खनक’ यांची जोडी लावा, म्हणजे मीठ आणि ते खणणे. ‘क्लिन्न’ आणि ‘क्रेणि’ यांची जोडी लावा, म्हणजे क्लिन्न आणि त्याची खरेदी. संस्कृतात आंबवण्याच्या द्रव्याला ‘किण्व’ म्हणतात, आणि ‘क्लिन्न’ हे त्याचेच लेखनात बदललेले रूप असावे, असा हा तर्क. युक्तिवाद आकर्षक आहे. तरीही पदव्युत्तर वर्गातील एका चर्चेत माझ्या सहाध्यायाने त्यावर नेमके बोट ठेवले. तो म्हणाला, “मद्य घरोघरी होत असेल, तर त्यात विकत घेण्याजोगे काय उरते? धान्य भिजवा, मोड आणा, आंबवा. राजाने हक्क सांगावा असे त्यात आहे तरी काय?”

६.
प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर व्याकरणात मिळणारे नव्हते. ते धान्याच्या स्वभावात शोधायला हवे होते. धान्यापासून मद्य बनवण्यातील मूळ अडचण अशी की, यीस्टला साखर पचते, पिष्ट पचत नाही. तांदूळ, जव, ज्वारी यांच्यात पिष्टच भरलेले असते. म्हणून आधी पिष्टाची साखर व्हावी लागते, मग साखरेचे मद्य. ही पहिली पायरी ओलांडण्याचे जगभर काही मोजकेच मार्ग निघाले. त्यांतले तीन आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत, आणि तिन्हींचा उष्णतेशी संबंध वेगवेगळा आहे.

७.
पहिला मार्ग ती पायरीच टाळण्याचा. रामटेकहून देवलापारच्या वाटेने पेंचच्या जंगलाकडे निघा; चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. पिष्ट मोडण्याचे काम झाडाने आधीच केलेले. फुले पाण्यात भिजवली की हवेतील आणि फुलावरील यीस्ट आपले काम सुरू करते. येथे आग लागते ती पुढे, ऊर्ध्वपातनाच्या वेळी. आंबवण्यासाठी कोणतेही तापमान सांभाळावे लागत नाही.

८.
दुसरा मार्ग किण्वाचा. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मद्यांच्या कृती मापांसह दिल्या आहेत. किण्व कसे करावे, तेही तेथेच सांगितले आहे : एक द्रोण उडदाचे वाटण, कच्चे किंवा शिजवलेले, त्यात त्याच्या तिसऱ्या हिश्शाने अधिक तांदूळ, आणि मोरट आदी वनस्पती एकेक कर्ष. झारखंड, ओडिशा आणि छत्तीसगडमध्ये हंडियासाठी वापरतात त्या ‘रानू’च्या वड्या याच कुळातील. अशा वड्यांत बुरशी आणि यीस्ट एकत्र नांदतात. बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट त्याच वेळी त्या साखरेचे मद्य करते. दोन्ही कामे एकाच भांड्यात, घरातल्या साध्या उबेत चालतात.

९.
आता अर्थशास्त्रातील ‘मेदक’ या मद्याचे प्रमाण पाहा. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एक द्रोण म्हणजे चार आढक आणि एक आढक म्हणजे चार प्रस्थ. सगळे प्रस्थांत मांडले तर पाणी १६, तांदूळ २ आणि किण्व ३. किण्व तांदळाहून अधिक आहे! दह्याच्या विरजणासारखे चमचाभर घालायचे हे द्रव्य नाही. मद्याच्या घन घटकांतील मोठा वाटा त्याचाच आहे. आणखी एक गोष्ट : या प्रमाणात पाणी, तांदूळ आणि किण्व आहेत, पण अग्नीचे नाव नाही. किती तापवावे, किती वेळ राखावे, याविषयी हे सूत्र मौन पाळते. ते मौन माझ्या मनात रुतून बसले.

१०.
तिसरा मार्ग माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा. हा मार्ग भारताला अपरिचित नव्हता. वैदिक सौत्रामणी यागातील सुरेसाठी अंकुरलेले धान्य वापरण्याचे विधान ब्राह्मणग्रंथांत आहे. तरी या मार्गावर सारे शास्त्र उभारले ते युरोपने, आणि बिअर त्याच वाटेवरची. मोड येताना दाण्यात पिष्ट मोडणारी विकरे तयार होतात. आंसेल्म पायेन आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो यांनी १८३३ मध्ये माल्टमधून असे द्रव्य वेगळे काढून त्याला ‘डायास्टेज’ हे नाव दिले. भरडलेला माल्ट गरम पाण्यात कालवून ठेवला की ही विकरे कामाला लागतात. या कालवणाला बिअर बनवणारे ‘मॅश’ म्हणतात, आणि त्यातून गाळून निघणाऱ्या गोड रसाला ‘वर्ट’.

११.
येथेच तापमानाचा प्रश्न उभा राहतो. माल्टमध्ये मुख्यतः दोन विकरे काम करतात. बीटा-अमायलेज पिष्टाच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर तोडत जाते. तिला ६० ते ६५ अंश मानवतात. अल्फा-अमायलेज साखळी मधूनच कापते. तिला ७० च्या आसपासची उष्णता अधिक रुचते. कालवण ६२ अंशांवर राहिले तर यीस्टला पचणारी साखर भरपूर होते आणि बिअर पातळ, कोरडी होते. ६९ वर राहिले तर न पचणारे लांब तुकडे उरतात आणि बिअरला जाडी व गोडसरपणा येतो. ७५ च्या पुढे गेले की दोन्ही विकरे झपाट्याने निकामी होतात. मग भांड्यात उरते ती केवळ पेज. ५० च्या खाली जवाचे पिष्ट नीट फुगतच नाही. म्हणजे कामाची जागा दहाएक अंशांची, आणि त्या अरुंद पट्ट्यात भांडे तासभर स्थिर ठेवायचे.

१२.
तापमापकाशिवाय हे शतकानुशतके कसे साधले? इंग्लंडमधील जुनी रीत अशी : पाणी उकळू द्यावे, मग निवत ठेवावे, वाफेचा पडदा विरून पाण्यात आपला चेहरा स्पष्ट दिसू लागला की माल्ट घालावा. बव्हेरिया आणि बोहेमियातील युक्ती याहून चतुर होती. कालवणाचा सुमारे तिसरा हिस्सा काढून तो वेगळा उकळायचा आणि परत मूळ भांड्यात ओतायचा. उकळण्याचा बिंदू जवळपास ठरलेला, हिस्सा ठरलेला. त्यामुळे मिश्रणाचे तापमान दर वेळी जवळजवळ तितकेच वाढे. हेच दोन-तीनदा करायचे. अंश मोजण्याचे साधन नसतानाही तापमानाच्या पायऱ्या अचूक चढण्याची ही रीत आहे, आणि गणित न लिहिता केलेले हे गणित आहे.

१३.
अठराव्या शतकात चित्र बदलले. फॅरनहाइटचा पाऱ्याचा तापमापक १७१४ चा. लंडनचा बिअर व्यावसायिक मायकेल कोम्ब्रून याने १७५८ च्या आपल्या निबंधात आणि १७६२ च्या ग्रंथात तापमापक वापरून मॅशचे अंश ठरवण्याचा आग्रह धरला. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये वर्टची घनता मोजणाऱ्या सॅकरोमीटरचा पुरस्कार केला. चेहरा पाहून अंदाज घेणाऱ्या हाताची जागा आकड्याने घेतली. प्रचंड भांडी, एकसारखा माल आणि दूरच्या बाजारपेठा यांना हे सोयीचे होते. पूर्वी घरोघरी बिअर होत असे. हळूहळू ती कारखान्याची वस्तू बनली.

१४.
या बदलाचे एक अपत्य भौतिकशास्त्रात आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल हा सॅलफर्डच्या बिअर व्यावसायिकाचा मुलगा. १८४० च्या दशकात त्याने पाण्यात वल्ही फिरवून यांत्रिक कार्य आणि उष्णता यांचे प्रमाण मोजले. आपण फॅरनहाइटच्या एका अंशाचा दोनशेवा भाग वाचू शकतो, हा त्याचा दावा अनेकांना अविश्वसनीय वाटला. इतिहासकार ओटो सिबम यांनी जूलचा तो प्रयोग स्वतः पुन्हा करून पाहिला आणि १९९५ मध्ये त्यावर लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, तापमान इतके बारकाईने राखण्याची सवय बिअरच्या व्यवसायातून आली होती, आणि ती कागदावर उतरलेली नव्हती. ती हातांत होती. करून पाहिल्याशिवाय असे ज्ञान इतिहासकाराला दिसत नाही. हे वाचल्यावर माझा निश्चय झाला.

१५.
प्रयोगापूर्वी एक स्पष्टोक्ती. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरापुरते का असेना. म्हणून माझा प्रयोग वर्टपाशीच थांबणार होता. मॅश करायचा, तापमान राखायचे, रस गाळायचा आणि लगेच आटवून त्याचा पाक करायचा. यीस्ट नाही, आंबवणे नाही. मला जे जाणून घ्यायचे होते ते त्या एका तासातच होते.

१६.
किराणा दुकानातून टरफलासह जव आणले. एक दिवस भिजवले, मध्ये पाणी बदलले; मग ओल्या पोत्यावर पसरून चार-पाच दिवस मोड येऊ दिले. घटस्थापनेला धान्य रुजवणाऱ्या घरात हे काम शिकवावे लागत नाही. कोंब दाण्याच्या लांबीइतका झाला की वाढ थांबवायची. युरोपात त्यासाठी भट्टी लागते. रामटेकचे वैशाखी ऊन त्या कामाला पुरते. दोन दिवसांत दाणे खडखडीत वाळले. चोळून मुळ्या झाडल्या आणि जाड भरडा काढला. पीठ केले तर रस गाळताना चिखल होतो. टरफल शाबूत राहिले तर तेच गाळणीचे काम करते.

१७.
पुढचा प्रश्न : पाणी किती तापवावे? थंड धान्य पडताच पाणी निवते, म्हणून ते लक्ष्यापेक्षा अधिक गरम हवे. किती अधिक, ते साध्या हिशेबाने निघते. धान्याची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या सुमारे ४० टक्के. एक किलो भरड्याला तीन लिटर पाणी घेतले, तर धान्य लक्ष्यापेक्षा जितके अंश थंड, त्याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतके पाणी लक्ष्याहून अधिक तापवायचे. वैशाखात माझा भरडा ३५ अंशांवर होता आणि लक्ष्य ६६. फरक ३१ चा. म्हणून पाणी ७० च्या किंचित वर. पौषात भरडा १५ अंशांवर असता, तर ७३ लागले असते. चेहरा पाहून पाणी ठरवणारा जुना कारागीर हिवाळ्यात थोडा लवकर हात घालत असेल, तो याच कारणाने.

१८.
भांडे ६६ वर आले. आता ते तेथेच राखायचे. गॅसची मंद ज्योत कामाची नाही. तळ ८० वर जातो तेव्हा वरचा थर ६० वर असतो, आणि तळाशी विकरे जळून जातात. मग आच बंद करून उष्णता कोंडून ठेवणे एवढाच उपाय. पहिल्या दिवशी मी फक्त झाकण ठेवले, हेतुतः, तुलनेसाठी. तासाभरात पारा ५६ पर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी दोन गोधड्या गुंडाळल्या, तासाने ६२. हे सारे दारातून पाहत असलेली आजी म्हणाली, “आंब्याची अढी कशात लावते पोरी? तणसात. मंग हे भांडं काहून वेगळं?” तिच्या सांगण्यावरून लाकडी पेटीत धानाचे तणीस दाबून भरले, मध्ये भांड्यापुरती जागा केली, वरून पुन्हा तणीस आणि त्यावर गोधडी. तासाने पाहिले तर ६४. तापमापक हाती घेऊन मी जे शोधत होते, ते आमच्या परसात गंजी लावून ठेवलेले होते.

१९.
पिष्टाची साखर झाली की नाही, हे आयोडीन सांगते. सुरुवातीला बशीतील थेंबावर टिंक्चर आयोडीन टाकले की तो निळा-काळा होई. तणसाच्या पेटीतून तासाने काढलेल्या थेंबावर आयोडीनचा तपकिरी रंग तसाच राहिला. पिष्ट संपले होते. गाळलेला रस आटवून काकवीसारखा झाला, आजीने चाखला आणि म्हणाली, “गूळ नाही टाकला म्हणतेस, मग गोड कशानं?” तिच्या त्या प्रश्नात विकरांचा सारा शोध सामावलेला आहे. जाता जाता न्यूटनचा नियमही कामास आला : भांडे किती वेगाने निवेल हे त्याच्या आणि खोलीच्या तापमानातील फरकावर ठरते. ६६ अंशांचे भांडे आमच्या ३८ अंशांच्या उन्हाळी खोलीत २८ अंशांनी वर असते. १८ अंशांच्या हिवाळी खोलीत ४८ अंशांनी. म्हणजे हिवाळ्यात तेच भांडे सुमारे पावणेदोन पट वेगाने उष्णता गमावते.

२०.
आता सहाध्यायाच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या ‘भिजवा, मोड आणा, आंबवा’ या वाक्यात मोड आणणे आणि आंबवणे यांच्यामधला तास गाळलेला होता. माल्टच्या वाटेने जायचे तर तो तास टाळता येत नाही. या वाटेवर विकत घेण्याजोगे फार काही लागत नाही हे खरे. लागते ते उष्णतेचे कसब, आणि ते हातातून हाती जाते. किण्वाची वाट याच्या उलट आहे. तेथे उष्णता सांभाळण्याचे कसब लागत नाही, कारण ते काम किण्वावर सोपवलेले असते. परंतु किण्व मात्र हवेच, आणि तेही तांदळाहून अधिक मापाने. उडीद, तांदूळ आणि वनस्पती जमवून, योग्य बुरशी धरवून ते तयार करावे लागते. ते वाळते, साठते, वाहून नेता येते, मोजता येते. म्हणजेच ते विकता येते.

२१.
तांब्यावरील समासाचा विचार या अंगाने केला की मिराशींचा अर्थ मला अधिक भक्कम वाटतो. किण्वावर चालणाऱ्या समाजात मद्याची नाडी किण्वात असते, आणि ‘क्रेणि’ म्हणजे खरेदीचा हक्क नेमका तेथे लागू पडतो. ओल्या मिठाचा अर्थ कोशाला धरून असला तरी, दोन नामे आणि दोन क्रिया यांची ती जुळणी त्यात विस्कटते. अर्थशास्त्रही याच दिशेने बोट दाखवते. त्यात सुरा आणि किण्व यांचे काम स्त्रिया आणि मुलांकडे दिलेले आहे. मद्यावर राजसत्तेचे नियंत्रण आहे, पण गृहस्थाला कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक आहे. राज्य आणि घर यांच्यामधली सीमारेषा तेथे आखलेली दिसते, आणि वाकाटकांचा परिहार त्याच रेषेवर उभा आहे.

२२.
प्रत्येक सत्ता मद्याच्या प्रक्रियेत जी गोष्ट सहज मोजता येते ती शोधते आणि तेथे कर बसवते. इंग्लंडमध्ये १६९७ पासून कर होता तो माल्टवर, कारण मोड आणलेले धान्य मोजता येई. मॅशचा तास मोजता येत नसे. सॅकरोमीटर रुळल्यावर वर्टची घनताही मोजता येऊ लागली, आणि १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरील कर काढून तो वर्टवर आणला. त्याच वेळी घरगुती बिअरसाठी परवाना आला. तो १९६३ मध्ये उठला. अमेरिकेत घरगुती बिअर १९७८ च्या कायद्याने मोकळी झाली. वाकाटकांचे किण्व, इंग्लंडचा माल्ट, ग्लॅडस्टन यांची घनता : साधन बदलले की कराची जागा बदलते.

२३.
आमच्या भागात हा बदल कामठीच्या रस्त्याने आला. तेथील छावणी १८२१ ची. गोऱ्या सैनिकांची बिअर इंग्लंडहून पिंपांतून भारतात येत असे. पुढे कसौली आणि मरी अशा थंड डोंगराळ जागी ती तयार होऊ लागली. डोंगरच का, हे मॅशनंतरच्या पायरीवरून कळते. पाणी ६६ अंशांवर नेणे कोठेही जमते, त्याला लाकूड पुरते. उकळलेला वर्ट निववून आंबवणीचे दिवस थंड राखणे, हे यांत्रिक प्रशीतनापूर्वी मैदानात अतिशय अवघड होते. नागपूरच्या उन्हाळ्यात मॅश सहज टिकतो; वर्ट मात्र निवत नाही.

२४.
त्याच काळात मोहाच्या झाडाखालचे घरगुती मद्य अबकारीच्या कचाट्यात सापडले. मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला. त्याचा अबकारी कायदा १९१५ चा. मोहाला मॅश लागत नाही, किण्वही लागत नाही. मोजता येईल असा मधला टप्पाच त्यात नाही. अशा वेळी सत्ता भट्टीवर हक्क सांगते, आणि भट्टी एकदा ठेकेदाराची झाली की घरचे भांडे गुन्ह्याचा पुरावा ठरते. गोंड कुटुंबांत देवाला वाहिला जाणारा मोहाचा थेंब आणि पोलिसांच्या नोंदीतील ‘हातभट्टी’ ही एकाच द्रवाची दोन नावे आहेत. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरेही याच परिसरात आहेत, आणि दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायांचा इतिहासही विदर्भाचाच आहे. त्याकडे पाठ फिरवून या विषयावर लिहिता येणार नाही. परंतु वाकाटकांच्या परिहारात गावाला राजाच्या हक्कापासून मोकळे केले जात होते, तर अबकारीने घरालाच हक्कापासून मोकळे केले. हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवायला हवा.

२५.
शेवटी पुन्हा शब्दाकडे. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी ‘किण्वन’ हा शब्द घोकला आहे. तो आपल्याला परिभाषा समितीने घडवलेला, कोरडा, परका वाटत आला. खरे पाहता तो फार जुना आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या, बाया-पोरांनी तयार केलेल्या, राजाने हक्क सांगितलेल्या एका द्रव्याचे नाव त्यात आहे. द्रव्य आपल्या घरांतून गेले, शब्द पाठ्यपुस्तकात उरला. शिलालेख आणि ताम्रपट यांच्या वाचनात कोश आणि व्याकरण ही पहिली साधने; त्यांत शंका नाही. त्यांच्या जोडीला चूल, जाते, तणीस आणि तापमापक यांनाही साधनांचा मान द्यावा, एवढेच माझे म्हणणे.

तुमच्या भागात आंबवण, विरजण, मोड यांच्यासाठी कोणते जुने शब्द घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, ते या थ्रेडखाली जरूर लिहा. गाव आणि शब्दाचा प्रसंग यांसह लिहिल्यास अधिक उपयोग होईल. पुढच्या थ्रेडमध्ये याच समासाचा उरलेला अर्धा भाग घेऊ : समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या वाकाटकांच्या विदर्भात ‘लवण’ खणत होते ते कोठे?